चंद्राक्काची पोथी

वाल्मिक जाऊन सात महिने झाले तरी नूतन रडली नव्हती, आणि सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आपल्या लोकांना रडणारी बाई समजते. छाती बडवणारी तर फारच समजते; तिच्याभोवती चार जणी बसतात, पाणी पाजतात, पाठीवरून हात फिरवतात. पण भाकरी थापणारी, नळावर नंबर लावणारी, दुपारी मजुरीवर आणलेल्या साड्यांचा गठ्ठा पुढे ओढून त्यांचे सुटे धागे कापत बसणारी आणि विचारलं तर "बरं आहे" म्हणणारी विधवा दिसली की लोकांची पंचाईत होते. काय बोलायचं तिच्याशी? मग लोक बोलायचंच सोडून देतात. इथंही तेच झालं.

नूतनला त्याचंही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. वरणात मीठ पडलं नाही तरी कळत नव्हतं आणि दुप्पट पडलं तरी कळत नव्हतं. धागे कापताना बोटाला कात्री लागली तर ती रक्ताकडे नुसती बघत राहायची, साडीला डाग पडू नये म्हणून हात तेवढा लांब धरायची. रडण्याचं काम सासू मंगलाबाई दोघींच्या वाटणीचं करत होत्या. मुलाच्या आजारपणात त्या पारोळ्याकडच्या गावाहून आल्या होत्या, त्या इथंच राहिल्या होत्या. एका खोलीत दोघी बायका, आणि दिवसाकाठी बोलणं किती? "चहा ठेवू का?" "ठेव." संपलं.

आदल्या साली प्लेगाच्या भीतीनं निम्मं सुरत पळालं, तेव्हा वाल्मिक आणि नूतनही गावी पळाले होते. महिन्याभरानं परत आले. प्लेगानं वाल्मिकला बोट लावलं नाही आणि पौषात साध्या काविळीनं बारा दिवसांत नेलं. पण त्याच्या आधी, दिवाळी आणि पौष यांच्या मधल्या दिवसांत, एक पुस्तक घरात आलं होतं. पर्वत पाटियाजवळच्या एका पस्तीच्या, म्हणजे आपल्या रद्दीच्या, दुकानात गुजराती वह्या-पेपरांच्या ढिगात त्याला मराठी अक्षरं दिसली आणि त्यानं ते उचललं. वरचं कव्हर नाही, नाव-गाव छापलेलं पान नाही. गोष्ट मात्र पहिल्या ओळीपासून शाबूत होती. एका खानावळवाल्या बाईची गोष्ट.

रात्रपाळीचा आठवडा असला की वाल्मिक दुपारी तीनला उठायचा, चहा घ्यायचा आणि भिंतीला टेकून मोठ्यानं वाचायचा. नूतन दहावी झालेली, तो नववी नापास. पण तिचे हात कात्रीत गुंतलेले, म्हणून वाचणारा तोच. मध्येमध्ये अडखळायचा, जोडाक्षरावर तर बैलगाडीच थांबायची. तो कामाला जायचा त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, वंगणाचं काळं त्याच्या अंगठ्याच्या रेषांत कायमचं बसलेलं होतं. साबणानं घासलं, मातीनं घासलं, जात नव्हतं. पान उलटलं की उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा उठायचा. "पुस्तक घाण करताय," नूतन म्हणायची. "सही करी ऱ्हायनू," तो म्हणायचा.

गोष्ट रंगात आली की ती विचारायची, "मग पुढे काय होतं?" आणि तो खांदे उडवायचा, "माले काय म्हाईत? मीबी तुनासंगेच वाची ऱ्हायनू." एकदा पुस्तकाची बांधणी सुटली. लूमवर डिंक आहे, चिकटवून आणतो म्हणून तो डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेला आणि चार दिवस पुस्तकाचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, डिंक वाळायचाय. चार दिवस! नूतन हसली होती तेव्हा. तेव्हा तिला हसू यायचं.

पौष लागता लागता गोष्ट अशा जागी आली की, चंद्राक्का, म्हणजे ती खानावळवाली, एका परक्या गावात एका बंद दारासमोर उभी आहे. तिनं कडी वाजवली. तिथं वाल्मिकनं पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाला, "बाकीनं सकाय." सकाय म्हणजे उद्या. तो उद्या आला तो ताप घेऊनच आला. आजारात तो पडून होता तेव्हा नूतन म्हणाली, मी वाचून दाखवू का? त्यानं पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "मनाबिगर पुढे वाचू नको हं. बरा झाऊ की मीच वाचसू."

ती वाचणार नव्हतीच. तेराव्यानंतर एका वाया गेलेल्या साडीच्या लाल तुकड्यात तिनं ते पुस्तक बांधलं आणि फळीवर ठेवलं. घरात फळी एकच, देवांची.

लाल फडकं, देवांची फळी, आणि आत पुस्तक. अक्षर न शिकलेल्या मंगलाबाईंनी याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. "वाल्मिकनी पोथी शे का हाई?" त्यांनी विचारलं. नूतनच्या कानावर पहिला शब्द तेवढा पडला. "त्यांचीच आहे," ती म्हणाली. झालं. दुसऱ्या दिवसापासून मंगलाबाई देवांना हळदकुंकू वाहिलं की एक बोट त्या लाल फडक्यावरही टेकवू लागल्या, झेंडूचं फूल मिळालं तर अर्धं देवांना आणि अर्धं पोथीला. नूतनच्या लक्षात आलं तेव्हा महिना उलटला होता. सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, मग प्रश्न, मग उत्तरं. तिनं कात्री उचलली आणि गप्प राहिली.

मग श्रावण जवळ आला आणि तिच्या गप्प राहण्याची फेड सुरू झाली.

गल्लीत दर श्रावणात पोथी वाचणारे भिकनबाबा प्लेगात गावी गेले होते ते परत आलेच नव्हते. समोरच्या खोलीतल्या इंदुबाई या गल्लीच्या बिनपगारी पुढारी; नळाचं भांडण असो की बारसं, त्यांच्यावाचून पान हलत नसे. त्या मंगलाबाईंकडे आल्या आणि फळीकडे बोट करून म्हणाल्या, "तुमना घर पोथी शे, सून दहावी शिकेल शे. मंग आखो काय पाहिजे?"

मंगलाबाईंचे डोळे भरून आले. "मना वाल्मिकना नाववर व्हऊ द्या," त्या म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी नूतननं सांगायचं. हो, सांगायला हवं होतं. पण सासूचा तो चेहरा बघून तिला वाटलं... खरं म्हणजे वाटलं काहीच नाही, तेच तर दुखणं होतं. अख्खा महिना पुढे पडला होता. दुमडलेलं पान लांब होतं. तिनं मान डोलावली.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी तीन वाजता खोली झाडून, रांगोळी काढून, पाटावर लाल फडकं सोडलं गेलं. समई लावली, नारळ ठेवला. इंदुबाई, मंगलाबाई, गल्लीतल्या आणखी तीन जणी आणि दाराशी अंग चोरून बसलेली एक परभणीकडची नवी सून. हल्ली पोथ्याही पुस्तकासारख्या बांधलेल्या मिळतात, त्यामुळे आकारावरून कुणाला शंका आली नाही. सगळ्यांनी हात जोडले. नूतननं पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात काळा अंगठा होता. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवला आणि वाचलं:

"चंद्राक्काच्या खानावळीत दुपारी बाराला अकरा पाट मांडले जात, आणि पाऊण वाजता अकराही जण उठून जात. जाताना कुणी तिच्याकडे बघत नसे आणि तिलाही कुणाकडे बघायला सवड नसे."

बायकांचे हात जोडलेलेच. चार पानं झाली. आमटीला फोडणी पडली, एका गिऱ्हाइकाच्या भातात खडा निघाला, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. इंदुबाईंची चुळबुळ सुरू झाली. "येमा देव कव्हय येस?" त्यांनी हळूच विचारलं.

"येईल पुढे," नूतन म्हणाली.

"पोथीमा मधमा बोलू नही," मंगलाबाईंनी दटावलं. "देव येई त्याना टाइमले."

चार दिवस देव आला नाही. पाचव्या दिवशी कुणी विचारलं नाही. कारण पाचव्या दिवशी अकरांतला एक जण जेवायला आला नव्हता.

तो दाराजवळच्या पाटावर बसणारा, घड्याळं दुरुस्त करणारा मुका-मुका माणूस. मुका नव्हे, बोलत नसे. दोन वर्षं चंद्राक्काच्या हातचं जेवला. भाकरी नको असली की ताटावर हात आडवा धरायचा. तो एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. चंद्राक्का त्याचा पाट मांडत राहिली. आठ दिवसांनी चौकशी करायला निघाली आणि रस्त्यात मधेच थांबली, कारण विचारायचं कुणाबद्दल? दोन वर्षं वाढलं आणि त्याचं नावच तिला ठाऊक नव्हतं.

इथं नूतन थांबली, आणि तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"मला तरी इथं कोण नावानं बोलवतंय?" परभणीची ती सून बोलत होती. लग्न होऊन आल्यापासून गल्लीनं तिचा आवाजच ऐकला नव्हता. "आठ महिने झाले येऊन. ए परभणीवाली, म्हणतात. घरचे रात्रपाळीला जातात, दिवसा झोपतात. कधी कधी मीच माझं नाव घेते मोठ्यानं. इसरू नये म्हणून."

इंदुबाईंनी पदर सारखा केला, नारळाकडे बघितलं, समईकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काय शे वं तुनं नाव?"

"ज्योती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर इंदुबाई आपल्या नेहमीच्या पट्टीत ओरडल्या, "ए ज्योती, तुना हंडा लायी ठेयेल शे मी, धावत ये!" नूतन रांगेत मागे उभी होती. तिनं ते ऐकलं. आनंद वगैरे झाला नाही तिला. पण ऐकलं, आणि घरी येईपर्यंत ते तिच्या कानात राहिलं. सात महिन्यांत कानात राहिलेली ती पहिलीच गोष्ट.

घरातही काहीतरी बदललं. भाकरी थापताना मंगलाबाई एकदम म्हणायच्या, "ती बाईले अक्कल नही. पह्यल्या दिनलेच नाव पुसाले पाहिजे व्हतं." नूतन म्हणायची, "तिला वेळ कुठं होता, आत्याबाई? अकरा जणांचं एकटीनं रांधायचं." "पाच मिनिटं लागतस का नाव पुसाले?" मग त्यावर वाद. दोघी समोरासमोर बसून एकमेकींविषयी काही बोलू शकत नव्हत्या, वाल्मिकविषयी तर नाहीच नाही. चंद्राक्काविषयी मात्र अर्धा अर्धा तास बोलत. आपण एका पोथीतल्या बाईची उणीदुणी काढतोय याचं मंगलाबाईंना काही वावगं वाटलं नाही. नूतनला वाटायला हवं होतं, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती पानं मोजत होती.

दुमडलेला कोपरा जवळ येत होता.

वाचताना रोज ती प्रत्येक अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पान उलटायची. तो इथं होता. इथंही होता. या पानावर तो 'स्पष्ट' शब्दावर चार वेळा अडखळला होता. या पानावर त्याला शिंक आली होती. पण दुमडीपलीकडे पानं स्वच्छ असणार. ती त्याच्यावाचूनची पानं असणार. एकदा ती उलटली की वाल्मिक मागे राहिला, नूतन पुढे गेली, आणि मग खरंच सगळं संपलं. तो "सकाय" म्हणून गेला होता. पान दुमडलेलं होतं तोवर ती सकाय अजून यायची होती. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण सांगायला लागली असती तर तिलाही ते वेडेपणाचं वाटलं असतं.

सतराव्या दिवशी चंद्राक्का परक्या गावात पोचली. घड्याळवाल्याचं गाव. हातात डबा, डब्यात त्याला आवडणारी मेथीची भाजी. "तिनं कडी वाजवली," नूतननं वाचलं आणि पुस्तक मिटलं. "आजच्यापुरतं एवढंच."

"काय वं, बरी जागावर थांबनी!" इंदुबाई म्हणाल्या, पण आरती करून सगळ्या उठल्या.

अठराव्या दिवशी नूतननं आदल्या दिवसाचीच पानं परत वाचली. एकोणिसाव्या दिवशी त्याच्याही आदल्या दिवसापासून सुरुवात केली. चंद्राक्का पुन्हा गाडीत बसली, पुन्हा उतरली, पुन्हा दारापाशी आली, पुन्हा कडी वाजवली. विसाव्या दिवशी तिनं कडीपर्यंत वाचून पुस्तक मिटलं तेव्हा कुणी उठलं नाही.

"पोथी अडकनी का?" इंदुबाईंनी विचारलं.

"इथंच संपते."

"अशी कशी संपस? आरधं बाकी दिसस ना पुस्तक," मंगलाबाई म्हणाल्या. लावलेली पोथी समाप्तीशिवाय सोडायची नसते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यातून ही मुलाच्या नावावर लावलेली. "नूतन, माय, पोथी आरधी ऱ्हायनी ते मना पोऱ्या मधमाच ऱ्हायी जाई वं. ना आठला, ना तठला. पाय पडस तुना, वाच."

आणि सासूनं खरंच हात पुढे केले. नूतन झटक्यानं मागे सरकली.

"ती पोथी नाहीये," ती म्हणाली.

समईची वात तडतडली.

"गोष्टीचं पुस्तक आहे. त्यांनी पस्तीतून आणलेलं. त्यात देव नाही, पुढेही येणार नाही. चंद्राक्का कुणी देवी नाही, खानावळवालीच आहे. मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

एकेक जण उठली. नारळ तसाच राहिला. मंगलाबाई मात्र बसल्या जागी बसून राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सात महिना मी येले हयद-कुकू लावं. तू काबरं बोलनी नही?"

नूतननं पुस्तक पुन्हा लाल फडक्यात बांधलं आणि फळीवर ठेवलं.

त्यानंतरचे दोन दिवस त्या खोलीत पुन्हा "चहा ठेवू का" एवढंच उरलं, आणि त्याचंही उत्तर येईनासं झालं. मंगलाबाईंनी फळीवरची पूजा केली, पण लाल फडक्याला बोट लावलं नाही. उतरवूनही ठेवलं नाही. तीन वाजले की गल्ली गप्प असायची. नूतन धागे कापत बसायची आणि तिच्या लक्षात यायचं की आपले कान दाराकडे आहेत. कुणाच्या तरी चपला वाजतील म्हणून आपण वाट बघतोय. हे तिला नवीन होतं आणि त्रासाचं होतं. काही न वाटण्याचं एक बरं असतं, कुणाची वाट बघावी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी तीनला चपला वाजल्या. ज्योती होती. काखेत साड्यांचा गठ्ठा, हातात कात्री. "इथं बसून कापते," म्हणाली आणि भिंतीशी बसली. पाच मिनिटांत इंदुबाई आल्या, त्यांच्याही काखेत गठ्ठा. मग उरलेल्या तिघी. आरतीचं ताट नव्हतं, फुलं नव्हती. खोलीभर रंगीत साड्या पसरल्या आणि कात्र्या चालू लागल्या.

शेवटी इंदुबाईंनाच राहवलं नाही. "पोथी नही ते नही," त्या साडीवरून नजर न काढता म्हणाल्या. "पन त्या बाईले सहा दिन व्हयनात दारमा उभं करी ठेयेल शे तुनी. तिना पाय दुखी ऱ्हायनात व्हतीन."

एक जण फिसकन हसली. ज्योती म्हणाली, "मेथीची भाजी बी विटली असंल, नूतनभाभी."

नूतननं कात्री खाली ठेवली. आणि सात महिन्यांत जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं ते ती साड्यांच्या ढिगाकडे बघत सांगू लागली. तो तीनला उठायचा, भिंतीला टेकायचा, वाचायचा. इथपर्यंत वाचलं आणि कोपरा दुमडला. माझ्याशिवाय वाचू नको म्हणाला. "मी पुढे वाचलं तर..." एवढं म्हणून ती थांबली. सगळ्यांच्याच कात्र्या थांबल्या होत्या.

स्टोजवळ पाठ करून बसलेल्या मंगलाबाई उठल्या. फळीवरून त्यांनी ते लाल फडकं काढलं, सोडलं, पुस्तक दोन्ही हातांनी धरून नूतनसमोर येऊन बसल्या. "दखाड माले," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्यानी कोठलगून वाचं व्हतं?"

नूतननं दुमडलेलं पान काढून दाखवलं. मंगलाबाईंनी त्या दुमडीवर बोट ठेवलं, हळदकुंकवाचं ठेवायच्या तसंच.

"आठलगून?"

"हो."

"मंग त्यालेबी म्हाईत नव्हतं, दार उघडाई की नही ते?"

"नाही. ते म्हणायचे, मीही तुझ्यासोबतच वाचतोय."

"मंग वाच," मंगलाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "मोठ्यानी वाच. माले ऐकनं शे. तो इतला जीव लायीसन काय वाची ऱ्हायंता, माले म्हाईत पडू दे. मी त्याले पोथी समजी हात जोडात. आते गोष्ट समजी ऐकसू."

नूतननं कोपरा सरळ केला. सात महिन्यांची घडी होती, रेघ गेली नाही. शेवटची ओळ तिनं परत वाचली. तिनं कडी वाजवली. मग तिनं डोळे मिटून पान उलटलं, कारण ते स्वच्छ पान बघायची तिची छाती होत नव्हती.

डोळे उघडले तर खालच्या कोपऱ्यात काळा अंगठा होता.

तिला वाटलं, मागच्या पानाचा उमटला असेल. तिनं पुढचं पान उलटलं. अंगठा. त्याच्या पुढचं. अंगठा, चांगला ठसठशीत, हात न धुता उठवलेला. बायका बघत होत्या आणि ती नुसती पानं उलटत होती. एका पानावर चहाचा गोल डाग होता, लूमवरच्या पेल्याएवढा. शेवटच्या पानापर्यंत अंगठे होते. शेवटच्या ओळीखाली तर दोन होते, बहुधा वाचून झाल्यावर त्यानं तिथं हात तसाच ठेवला असणार.

चार दिवस डिंक वाळत होता म्हणे.

त्यानं सगळं वाचलेलं होतं. कडी वाजवली, पुढे काय होतं, हे त्याला त्या दुपारी पक्कं ठाऊक होतं. आधीच्याही कितीतरी दुपारी ठाऊक होतं. आणि ती "मग पुढे काय?" विचारायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत तो खांदे उडवत होता, माले काय म्हाईत म्हणत होता. माझ्याशिवाय वाचू नको म्हणाला तेसुद्धा त्याच्यासाठी नव्हतं. पुढचं ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते त्याला बघायचं होतं. आणि इतके महिने ही बाई त्याला मागे टाकायचं नाही म्हणून एका पानावर पाय रोवून उभी होती, आणि हा केव्हाचा पुढे जाऊन, शेवटाशी बसून, तिची वाट बघत होता.

सात महिन्यांत पहिल्यांदा नूतनला राग आला, तोही असा की कानशिलं तापली.

"लबाड!" ती ओरडली.

बायका दचकल्या. "कोन? घड्याळवाला का?" इंदुबाईंनी घाईनं विचारलं. "काय करं त्यानी?"

"कोन लबाड वं?" मंगलाबाई म्हणाल्या.

"तुमना पोऱ्या," नूतन म्हणाली, आणि तिनं पुस्तक सासूपुढे धरून एकेक अंगठा दाखवला. मंगलाबाईंना अक्षर कळत नव्हतं, पण तो अंगठा कळला. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. मग एका हातानं सुनेचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं ते पान पुन्हा तिच्यासमोर उघडून धरलं, जिथं कडी वाजली होती त्या दुमडीच्या पुढचं.

नूतनच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं, आणि ते थांबणाऱ्यातलं नव्हतं. ते तिनं पुसलं नाही. पानांवर पडू नये म्हणून पुस्तक तेवढं लांब धरलं आणि पुढची ओळ वाचली.

"दार उघडायला बराच वेळ लागला."